साताऱ्याहून सांकरीला: अनोळखी गटाबरोबर बर्फातल्या ट्रेकची तयारी आणि वाटचाल

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठले, की त्याची छायाचित्रे साताऱ्यात घरोघरी पाहिली जातात आणि थंडी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असे वाटू लागते. त्याच दिवसांत उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी या गावी छपरांवर, गोठ्यांवर आणि सफरचंदाच्या बागांवर बर्फ साचलेला असतो आणि तेथून केदारकंठा या सुमारे १२,५०० फूट उंचीच्या शिखराकडे लोक गटागटाने निघालेले असतात. या गटांत एकमेकांना आधीपासून ओळखणारे थोडेच असतात. सातारा, कराड, सांगली, मिरज या भागांतूनही आता अनेक जण एकट्याने नाव नोंदवून जातात, आणि त्यांत महाविद्यालयीन मुलांइतकेच पन्नाशीकडे झुकलेले लोकही दिसतात. मी स्वतः अशा गटाबरोबर दोनदा गेले आहे आणि त्यानंतर दर हिवाळ्यात येथून जाणाऱ्या काही जणांना सरावासाठी अजिंक्यताऱ्यावर घेऊन जाते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे क्रमाने लिहीत आहे.

चालण्याची आणि कपड्यांची तयारी बहुतेक जण मनापासून करतात. जी तयारी राहून जाते, ती स्वतःच्या शरीराविषयी दोन दिवसांपूर्वी भेटलेल्या माणसांना खरे सांगण्याची. आपल्याकडे दुखणे अंगावर काढणे हा गुण मानला जातो. घरी त्याने फारसे बिघडत नाही, कारण चेहरा पाहून ओळखणारे कोणी तरी शेजारी असते. अनोळखी गटात तुमचा नेहमीचा चेहरा कसा असतो, हेच कोणाला माहीत नसते, त्यामुळे तेथे सांगितल्याशिवाय कळत नाही. या लेखातील बऱ्याच सूचना फिरून याच मुद्द्यापाशी येतील.

तारीख आणि गट

सांकरी परिसरात साधारणपणे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून बर्फाची शाश्वती वाढते आणि जानेवारी-फेब्रुवारीत तो सर्वाधिक असतो. मार्चमध्ये वरच्या भागात बर्फ टिकून असतो आणि थंडी थोडी सुसह्य होते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मात्र वाटेवर इतकी गर्दी होते, की अरुंद चढणीवर रांग लागते आणि पहाटेच्या थंडीत थांबून राहावे लागते. प्रथमच जाणाऱ्याने हा आठवडा टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा पहिला आठवडा नवख्या माणसासाठी मला सर्वांत योग्य वाटतो.

रजा घेताना प्रत्यक्ष ट्रेकच्या दिवसांना दोन राखीव दिवस जोडावेत. जोराचा बर्फ पडला तर पुरोला आणि मोरी यांच्यामधील जरमोल्याच्या जंगलातला रस्ता अडू शकतो, आणि उत्तर भारतातील धुक्यामुळे रेल्वेगाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. रजेचा शेवटचा दिवस आणि परतीची गाडी यांच्यात श्वास घ्यायला जागा नसली, की माणूस डोंगरावर चुकीचे निर्णय घेतो.

नाव नोंदवण्यापूर्वी

संयोजकांना फोन करून बोलावे, केवळ संदेशांवर भागवू नये. गटात किती जण असतील आणि त्यांच्यामागे किती वाटाडे असतील, हे पहिले विचारावे. बर्फात दर सात-आठ जणांमागे एक वाटाडा तरी असावा, असे मी मानते. मुख्य वाटाड्याने गिर्यारोहणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे का, हेही विचारावे. उत्तरकाशी येथे १९६५ मध्ये स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था असे अभ्यासक्रम चालवते आणि या खोऱ्यातील अनेक तरुण तेथे शिकलेले आहेत. प्राणवायूची नळकांडी आणि ऑक्सिमीटर बरोबर वरच्या तळापर्यंत नेतात की सांकरीतच ठेवतात, कोणी आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरते आणि त्या वेळी उरलेल्या गटाकडे कोण राहते, हे प्रश्न विचारायला संकोचू नये. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे तयार असते, त्याने तो प्रसंग पूर्वी हाताळलेला असतो.

तंबूत किती जण झोपणार, स्त्रियांना स्त्रियांबरोबरच तंबू मिळेल का, गटात दुसरी कोणी स्त्री आहे का, हे स्त्रियांनी आधीच निश्चित करून घ्यावे, आणि ते संदेशातून लेखी घ्यावे. माझ्या पहिल्या ट्रेकमध्ये दोघींचा तंबू फोनवर कबूल झाला होता, प्रत्यक्षात चौघींना एकत्र झोपावे लागले आणि आलेल्या स्लीपिंग बॅगांपैकी एक ओलसर निघाली. लेखी काहीच नव्हते, त्यामुळे बोलायलाही काही उरले नाही. त्या रात्री आम्ही बॅगा आळीपाळीने वापरल्या.

नाव नोंदवल्यावर आरोग्याचा अर्ज भरून द्यावा लागतो आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. हे प्रमाणपत्र न तपासता शिक्का मारून कोठेही मिळू शकते, म्हणूनच त्याबाबत स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. रक्तदाब, दमा, मधुमेह, हृदयविकार, फिट येणे, रक्तक्षय, गर्भारपण, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांपैकी जे असेल ते डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावे आणि अर्जातही लिहावे. असे लिहिले म्हणून प्रत्येक वेळी नकार मिळतो, असे नाही. वाटाड्याला मात्र तुमच्याकडे कधी वळून पाहायचे हे कळते.

निघण्याच्या काही दिवस आधी संयोजक सगळ्यांचा व्हॉट्सअॅप गट करतात. तेथे शुभेच्छांपलीकडे एवढे तरी लिहावे: आपण किती वेळा डोंगर चढलो आहोत, चालण्याची गती बेताची आहे की बरी, आणि आपल्याला कशाची भीती वाटते. एकाने असे लिहिले की पाठोपाठ चार जण लिहितात, हे मी दोन्ही वेळा पाहिले. उंचीची भीती वाटणारा माणूस गटात आहे हे माहीत असले, तर कड्यालगतच्या वाटेवर त्याच्या मागेपुढे कोण चालेल हे आपोआप ठरते.

चार भिंतीपासून सज्जनगडापर्यंत

सातारकरांच्या दारात सरावाचे मैदान आहे, ते किमान आठ आठवडे वापरावे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस सकाळी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत आणि तेथून अजिंक्यताऱ्याच्या दरवाजापर्यंत न थांबता चालत जावे. वेग महत्त्वाचा नाही. बोलता येईल इतकाच श्वास लागला पाहिजे, आणि बोलताना वाक्य तुटू लागले तर पावले आखडती घ्यावीत. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर सॅक घ्यावी, आधी पाण्याच्या तीन बाटल्यांची आणि पुढे वाढवत सहा-सात किलोपर्यंत. एकदा यवतेश्वरचा घाट संपूर्ण चालून चढावा. सज्जनगडाच्या पायऱ्या आठवड्यातून एकदा दोन फेऱ्यांनी कराव्यात, कारण पायऱ्यांवर मांड्या आणि पोटऱ्या दोन्हींची परीक्षा होते. शेवटच्या दोन आठवड्यांत सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत हळू धावता आले, तर दमाची तयारी समाधानकारक समजावी. सांगली-मिरजेच्या लोकांनी यासाठी दंडोबाचा डोंगर धरावा. तो लहान असला तरी दोन-तीन फेऱ्या केल्या की पुरतो.

उतरण्याचा सराव बहुतेक जण विसरतात. केदारकंठ्यावर चढताना श्वास थकवतो, उतरताना गुडघे. गडावरून रस्त्याने उतरण्याऐवजी पायवाटेने, गुडघे किंचित वाकवून आणि लहान पावलांनी उतरण्याची सवय करावी. काठी वापरणार असाल तर ती येथेच वापरून पाहावी, बर्फात पहिल्यांदा हातात घेऊ नये.

सरावातला एक दिवस वासोट्यासाठी राखावा. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने पलीकडे जायचे, वनविभागाची परवानगी घ्यायची, दाट जंगलातून चढायचे आणि बोटीच्या वेळेपूर्वी खाली यायचे, या सगळ्यात वेळेचे आणि गटाचे भान राहते. शक्य असल्यास येथेही ओळखीच्या मित्रांऐवजी एखाद्या खुल्या गटाबरोबर जावे. परक्या माणसाला ‘जरा थांबा, मला दम लागला आहे’ असे म्हणणे किती जड जाते, हे वासोट्याच्या वाटेवर कळलेले बरे.

एवढे सगळे करूनही सह्याद्री एक गोष्ट शिकवू शकत नाही. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर आहे, अजिंक्यतारा साधारण ३,३०० फुटांवर आणि कास पठार ४,००० फुटांच्या आसपास. केदारकंठ्याच्या माथ्यावर हवेचा दाब साताऱ्याच्या तुलनेत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असतो, म्हणजे दर श्वासामागे मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. कोणत्याही गडावर कितीही वेळा चढले तरी याची सवय होत नाही. ही सवय तेथेच, हळूहळू चढूनच होते.

कपडे, बूट आणि सॅक

सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवावीत. सुती कापड घाम शोषून ओले राहते आणि थांबल्याबरोबर अंग गारठवते. एका जाड स्वेटरपेक्षा तीन-चार पातळ थर उपयोगी पडतात: अंगालगत थर्मल, त्यावर घाम लवकर वाळवणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर फ्लीस, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट. पिसांचे किंवा जाड भरलेले जॅकेट चालताना घालायचे नसते. ते तळावर पोहोचल्यावर आणि शिखराच्या पहाटेसाठी असते. चालताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर असावेत, म्हणजे घाम येत नाही. मोज्यांचे पाच-सहा जोड घ्यावेत, त्यांतला एक लोकरीचा जोड केवळ झोपताना वापरण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि काहीही झाले तरी तो दिवसा पिशवीबाहेर काढू नये.

बुटांवर काटकसर करू नये. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न शिरू देणारे आणि खोल खाचांचे बूट घ्यावेत, ते अर्धा अंक मोठे असावेत, म्हणजे जाड मोजा घालूनही बोटे हलतात. नवा बूट चावतोच, म्हणून तो निघण्यापूर्वी दीड महिना आधी घेऊन अजिंक्यताऱ्यावर किमान पन्नास किलोमीटर तरी चालवावा. बुटांवर चढवायचे लोखंडी दात आणि पिंढऱ्यांवर बांधायची गेटर ही साधने सांकरीत भाड्याने मिळतात, बरेच संयोजकही देतात. ती विकत घेण्याची गरज नाही.

काळ्या चष्म्याबद्दल मात्र ठाम राहावे. स्वच्छ उन्हात बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांनी काही तासांत डोळ्यांची आग होऊन दिसेनासे होऊ शकते, म्हणून अतिनील किरणे अडवणारा आणि बाजूंनीही झाकणारा चष्मा हवा. नंबरचा चष्मा लावणाऱ्यांनी त्यावर बसणारा मोठा चष्मा घ्यावा. हातमोजे दोन प्रकारचे लागतात, आतले पातळ आणि बाहेरचे पाणी न शिरणारे. डोक्याला बांधायचा दिवा, त्याचे जास्तीचे सेल, थर्मास, ओठांचे मलम, सनस्क्रीन, पाँचो आणि स्वतःची नेहमीची औषधे दोन ठिकाणी विभागून, एवढे झाले की सॅक आठ-नऊ किलोंच्या आत बसते.

घरून खाऊ देण्याचा आग्रह होतो, तो मोडू नये, पण वळवावा. डिंकाचे लाडू तेथे थंडीने दगडासारखे होतात, ते नेलेच तर घरीच फोडून बारीक तुकडे करून न्यावेत. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, खजूर आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी यांचा उपयोग अधिक होतो. उंचीवर भूक मंदावते आणि तळावरचा वरण-भात नकोसा होतो, तेव्हा चपातीला लावलेल्या चिमूटभर चटणीने चार घास जास्त जातात.

प्रवास

वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे या मार्गाने दिल्लीकडे जाते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तेव्हा तारीख ठरल्याबरोबर दिनदर्शिकेवर खूण करावी. दिल्लीहून डेहराडूनला रेल्वे आणि बस दोन्ही मिळतात. विमानाने जाणाऱ्यांसाठी डेहराडूनजवळ जॉली ग्रँट विमानतळ आहे. डेहराडूनला ट्रेकच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचावे आणि रात्री पुरेशी झोप घ्यावी, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सुमारे २०० किलोमीटरचा घाटरस्ता आठ ते दहा तासांत पार करायचा असतो.

हा रस्ता मसुरी, नैनबाग, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असा जातो. वळणे इतकी आहेत, की ज्यांना आंबेनळी घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी आणि पुढच्या आसनावर बसण्याची विनंती करावी. पुरोल्यात पैसे काढून घ्यावेत, पुढे एटीएमवर विसंबू नये. पुढे मोबाइलची रेंज बेभरवशाची होते, म्हणून घरच्यांना पुरोल्यातूनच सांगून ठेवावे, की पुढचे चार-पाच दिवस फोन लागला नाही तर काळजी करू नये, आणि संयोजकांच्या डेहराडून किंवा सांकरी येथील माणसाचा क्रमांक त्यांना द्यावा. नैटवाडला रूपिन आणि सुपिन या नद्या मिळून टोन्स होते आणि तेथेच गोविंद पशुविहार अभयारण्याची चौकी आहे. ओळखपत्राची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स वरच्या खिशात ठेवाव्यात.

या गाडीतच गटाची पहिली खरी भेट होते. मोठा गट असेल तर दोन-तीन गाड्या असतात आणि ज्यांच्याबरोबर तुम्ही बसता, त्यांच्याशीच पुढे तंबू आणि जेवण जुळते. मराठी माणसे मराठी माणसांच्या गाडीत शिरतात, हे स्वाभाविक आहे. पण मराठी न कळणारा एखादा त्याच गाडीत असेल तर प्रवासभर हिंदीत बोलावे. वरच्या तळावर रात्री त्याला बरे वाटेनासे झाले, तर त्याने तुम्हालाच उठवायचे आहे.

सांकरीत

सांकरी साधारण ६,४०० फुटांवर आहे. गावात हॉटेले आणि दुकाने वाढली आहेत. जुनी घरे पाहायची असतील तर लगतच्या सौड गावात जावे, तेथे देवदाराच्या लाकडाची आणि दगडाची कोरीव घरे अजून उभी आहेत. पोहोचल्यावर संध्याकाळी सामान टाकून अर्धा-पाऊण तास चालून यावे. लगेच पांघरुणात शिरल्यास रात्री झोप लागत नाही आणि शरीर उंचीशी जुळवून घ्यायला उशीर लावते.

गावात वागण्याबद्दल थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. हिवाळा हा तेथील लोकांचाही कष्टाचा काळ असतो. रचून ठेवलेले लाकूड, वाळत टाकलेले गवत, तापवलेले पाणी यांमागे कोणाची तरी मेहनत असते. अंघोळीसाठी गरम पाण्याचा हट्ट धरू नये. देवळाच्या आवारात विचारल्याशिवाय जाऊ नये आणि स्त्रियांची, मुलांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत. ‘दीदी’, ‘भैयाजी’ अशी हाक मारून दोन शब्द बोलले, की चुलीजवळ बसायला जागा मिळते. त्या भागातला राजमा चवदार असतो आणि पुरोल्याचा लाल तांदूळ प्रसिद्ध आहे. परतताना खरेदी करायचीच असेल तर हीच करावी, म्हणजे पैसा खोऱ्यातच राहतो.

रात्री वाटाडा सगळ्यांना बसवून सूचना देतो. त्या वेळी अर्जात लिहिलेले आणि न लिहिलेले जे असेल, ते त्याला बाजूला घेऊन सांगण्याची ही शेवटची सोयीची संधी असते. तो रागावत नाही.

वाटेवरचे दिवस

पहिल्या दिवशी सांकरीहून जुडा का तालाब या सुमारे ९,१०० फुटांवरील तळापर्यंत जायचे असते. अंतर चार किलोमीटरच्या आसपास, पण चढण सलग असते आणि पाच तास सहज लागतात. दुसऱ्या दिवशी केदारकंठ्याच्या पायथ्याचा तळ, साधारण ११,२५० फूट. तिसऱ्या दिवशी पहाटे शिखर आणि त्याच दिवशी उतरून हरगाव, चौथ्या दिवशी पुन्हा सांकरी. काही संयोजक तळ थोडे बदलतात, चढण्याचा क्रम असाच राहतो.

सह्याद्रीत ऊन चढण्याआधी भराभर चढण्याची आपल्याला सवय असते. ती येथे सोडावी लागते. गटाच्या मध्यावर चालावे आणि पुढच्याने केलेल्या पाऊलखुणांतच पाय ठेवावा. घट्ट झालेल्या बर्फावर चढताना बुटाचे टोक रोवावे, उतरताना टाच. बर्फ दुपारनंतर भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. तेव्हा ओढून काढू नये, आधी काठीवर भार घ्यावा आणि हळू बाहेर काढावा, नाही तर गुडघा मुरगळतो. थांबायचे झाल्यास पाच मिनिटांहून अधिक थांबू नये आणि थांबल्याबरोबर जॅकेट अंगावर घ्यावे, घाम वाळेपर्यंत वाट पाहू नये.

तहान लागत नसली तरी दिवसभरात तीन-चार लिटर पाणी पोटात गेले पाहिजे. पाणी वरच्या बाजूने गोठते, म्हणून बाटली रात्री उलटी ठेवावी, म्हणजे सकाळी झाकणाकडची बाजू मोकळी राहते. तळावर पोहोचल्यावर सर्वांत आधी मोजे बदलावेत. मोबाइल, पॉवर बँक, दिव्याचे सेल आणि दुसऱ्या दिवशीचे हातमोजे स्लीपिंग बॅगेत अंगाशी घेऊन झोपावे. लेन्स वापरणाऱ्यांनी तिचे द्रावणही जवळ घ्यावे. तळावरचे शौचालय म्हणजे खड्ड्यावर उभा केलेला लहान तंबू असतो. रात्री एकटीने जायचे झाल्यास तंबूतल्या सोबतिणीला उठवावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. थंडी, उंची आणि श्रम यांमुळे पाळी पुढेमागे होऊ शकते, तेव्हा तारीख नसली तरी सामान बरोबर असावे, आणि वापरलेले पॅड बंद पिशवीत घालून सांकरीपर्यंत परत आणावेत. बर्फात पुरलेले काहीही वसंतात उघडे पडते.

उंचीचा त्रास

हा भाग सावकाश वाचावा. उंचीचा त्रास वय, ताकद किंवा सराव पाहून होत नाही. जोरात चढणाऱ्या तरुणाला तो आधी होतो, असेही घडते. सुरुवात डोकेदुखीने होते. तिच्यासोबत मळमळ, भूक न लागणे, चक्कर, विलक्षण थकवा यांपैकी काही असेल तर तो उंचीचाच त्रास आहे असे धरून चालावे, पित्त किंवा प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी त्याच तळावर थांबावे, पाणी प्यावे, वाटाड्याला सांगावे आणि लक्षणे जाईपर्यंत वर चढू नये. बसल्या जागीही धाप लागणे, सतत खोकला, छातीत घुरघुर, ओठ निळसर दिसणे ही फुप्फुसात पाणी साचू लागल्याची चिन्हे आहेत. बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे, सरळ रेषेत मागच्या पायाच्या बोटांना पुढच्या पायाची टाच लावून चालता न येणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची. यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पहाट, ताबडतोब खाली उतरवणे हाच उपाय आहे. प्राणवायू आणि औषधे उतरवण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

एसिटाझोलामाइड या औषधाने शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत होते. ते घ्यायचे की नाही आणि किती, हे साताऱ्यातच आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. तंबूतल्या कोणी दिलेली गोळी तोंडात टाकू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही श्वास मंद करतात, त्या तळावर कोणी आग्रह केला तरी घेऊ नयेत.

माझ्या पहिल्या ट्रेकमध्ये जुडा का तालाबच्या तळावर माझ्या शेजारी सांगलीकडच्या एक शिक्षिका होत्या. वयाने माझ्याहून मोठ्या, बोलायला मोकळ्या, वाटभर त्यांनी दोन मुलींना धीर दिला होता. संध्याकाळी त्यांच्या ताटात भात तसाच होता, वर ओतलेल्या वरणावर तुपासारखा पांढरा थर गोठला होता आणि चमचा त्यात उभा राहिला होता. मी विचारले, तर म्हणाल्या, ‘काही नाही गं, प्रवासाचा शीण आहे. कोणाला सांगू नकोस, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको.’ मी सांगितले नाही. ओळख दोन दिवसांची होती, त्या मोठ्या होत्या आणि त्यांचा शब्द मोडणे मला उद्धटपणाचे वाटले. रात्री दोनच्या सुमारास त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि उठून बसल्यावर तोल सावरेना. वाटाड्याने त्यांना बाहेर काढून बर्फावर सरळ चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला त्या कलल्या. तासाभरात दोन माणसे त्यांना घेऊन दिव्यांच्या उजेडात खाली निघाली. सांकरीला पोहोचेपर्यंत त्यांना बरेच बरे वाटू लागले होते. आम्ही परतलो तेव्हा त्या उन्हात बसून राजमा निवडत होत्या. वाटाड्याने मला एवढेच विचारले, की त्या जेवल्या नाहीत हे तुला संध्याकाळी दिसले होते ना.

म्हणून प्रत्येक गटाने पहिल्याच संध्याकाळी जोड्या लावून घ्याव्यात, असा माझा आग्रह असतो. तंबूतले दोघे एकमेकांचे जोडीदार, तिघे असतील तर तिघेही. सकाळी आणि रात्री जोडीदाराने चार प्रश्न विचारायचे: डोके दुखते का, किती खाल्ले, किती प्यायलात, लघवी किती वेळा झाली. उत्तर काहीही असले तरी ते वाटाड्यापर्यंत पोहोचवायचे, आणि ‘सांगू नकोस’ असे कोणी म्हटले तर आधी सांगायचे. हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ठरलेले असले, की नंतर सांगणाऱ्याला चहाडी केल्यासारखे वाटत नाही.

थंडीने गारठलेल्या माणसाच्या बाबतीतही असेच पाहावे लागते. तो स्वतः तक्रार करत नाही. हातातून वस्तू पडू लागतात, शब्द जडावतात, पाय अडखळतात आणि तो गप्प होतो. त्याला वाऱ्यापासून आडोशाला नेऊन ओले कपडे पूर्ण बदलावेत, गोड गरम पेय द्यावे आणि एकटे सोडू नये. हातापायाची बोटे पांढरी व बधिर झाली असतील तर ती चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच नाही. काखेत धरून किंवा दुसऱ्याच्या अंगाच्या उबेने तापवावीत आणि लगेच वाटाड्याला दाखवावीत.

शिखराची पहाट आणि उतरण

शिखरासाठी पहाटे तीनच्या सुमारास निघतात. रात्री तापमान शून्याखाली बरेच उतरलेले असते. बूट तंबूच्या आत घेतले नसतील तर त्यांच्या नाड्या तारेसारख्या ताठ होतात, म्हणून ते रात्री पिशवीत घालून पायांशी ठेवावेत. निघण्याआधी थोडे तरी खावे. दिव्यांची रांग पुढे सरकताना दिसते तेव्हा घाई होते, पण आपल्या जोडीदाराचा दिवा दिसतो आहे ना, एवढेच पाहत चालावे. माथ्यावर दगडांचे लहानसे देवस्थान आणि त्रिशूळ आहे. उजाडल्यावर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळा नाग ही शिखरे समोर उभी राहतात. हातमोजा काढून छायाचित्रे घेण्याचा मोह होतो, तो दोन-तीन मिनिटांत आवरावा.

वाटाडा परत फिरण्याची वेळ ठरवून देतो. माथा अर्ध्या तासावर दिसत असला तरी ती वेळ झाली की फिरावे. हवामान बिघडल्यामुळे माझ्या दुसऱ्या ट्रेकमध्ये आमचा निम्मा गट माथ्याखालून परतला, त्यांत मीही होते. वाईट वाटलेच, पण दुपारी हरगावला पोहोचलो तेव्हा वर काही दिसेनासे झाले होते. उतरताना बसून घसरत जाण्याची हौस सगळ्यांना येते. वाटाडा जागा दाखवील तेथेच ते करावे, लोखंडी दात काढून आणि काठी बाजूला धरून, कारण दात बर्फात अडकले तर घोटा मोडतो.

सांकरीत परतल्यावर भाड्याची साधने मोजून द्यावीत, वाटाडे आणि खच्चरवाले यांना बक्षीस गटाने एकत्र काढून सर्वांसमोर द्यावे, आणि घरी फोन लागेल तेथून पहिला फोन करावा. बूट साताऱ्यात आल्यावर उन्हात कडक वाळवू नयेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत दोन दिवस ठेवावेत आणि बोळे सकाळ-संध्याकाळ बदलावेत. गुडघे आठवडाभर दुखतात. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी चार भिंतीपर्यंत सावकाश चालून आले, तर ते लवकर मोकळे होतात.